उलट्या आट्यांचा हब

डिसेंबरची नऊ तारीख होती आणि मी म्हसावदला आमच्या दुकानात चाकात आरे ओवत बसले होते. बत्तीस आरे, मधल्या हबच्या एका कानाला, म्हणजे भोकांच्या कडेला, सोळा आणि दुसऱ्या कानाला सोळा. तुम्ही आलात तेव्हा माझे दोन्ही हात ग्रीसने भरलेले, म्हणून पाणी तुम्हीच ओतून घ्या म्हटलं, आठवतं ना ताई? तेव्हा धड बोलता आलं नाही. आता बसा, सगळं सांगते.

मी इथलीच. दुकान आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. लग्न होऊन ब्राह्मणपुरीला गेले, ते काही लांब नाही. भावाला नोकरी लागली, आप्पांचे हात कापायला लागले, तेव्हा दुकान मी उघडायला लागले. लोक रस्त्यात उभे राहून बघायचे, बाई मानूस पंक्चर काढी ऱ्हायनी म्हणून. मी विचारायची, हवा भरनी शे का नुसतं हसनं शे? हवा भरायची असेल तर चाक इकडे आण. चार महिन्यांत हसणं बंद झालं, कारण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर हिनेच, हे सगळ्यांना कळलं. ते आप्पांनी शिकवलं होतं. मुलगी म्हणून शिकवलं नाही हो, शेजारी बसायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून शिकवलं.

तर ते चाक सुनीताचं होतं. सुनीता पावरा, वर सातपुड्यातल्या पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकली. तिच्या खेळाच्या सरांनी तिला पुण्याच्या निवड चाचणीला पाठवायचं ठरवलं, गोल उतरत्या ट्रॅकवरची शर्यत. त्या सायकलीला फ्री नसते आणि ब्रेकही नसतो. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, तुम्हाला पाय थांबवायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच मागे दाबायचं. सरांनी कुठून तरी फ्रेम मिळवली, रिमा मिळवल्या, हब मात्र नव्हते. पोरगी सगळं गोणपाटात बांधून माझ्याकडे आली आणि म्हणाली, मावशी, हब तुम्ही निवडा, मला त्यातलं काही कळत नाही. चाचणीला सोळा दिवस होते.

पुढचा हब मी पाच मिनिटांत निवडला. त्याला फक्त फिरायचं असतं. हलका घेतला, नटाचा घेतला, संपलं. खरा जीव मागच्या हबात. पाय मागे दाबला की दात्यांची चकती सुटायला बघते. म्हणून चांगल्या हबला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. पहिलीवर चकती सुलट आट्यांनी बसते, दुसरीवर रिंग उलट्या आट्यांनी. चकती सुटायला लागली की ती रिंगला ढकलते आणि रिंग आणखीच आवळते. एवढंच शास्त्र आहे, पण त्याच्यावर पोरीची हाडं अवलंबून.

काय सांगू तुम्हाला, असा एक हब माझ्याकडे होताच. आप्पांचा. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, फळीवर वरच्या डब्यात.

मी आठवीत होते तेव्हा गावात सात दिवसांचा सायकलवाला आला होता. तुम्ही पाहिलेत का असले? चौकात बांबू रोवायचे, भोंगा लावायचा आणि हा गडी सात दिवस गोल गोल सायकल चालवणार, पाय म्हणून खाली टेकवणार नाही. सायकलीवरच दाढी, सायकलीवरच अंघोळ, सायकलीवरच जेवण. आई कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा द्यायची, मी धावत धावत त्याच्या हातात ठेवायची. तो हसून म्हणायचा, माय, जरा तेल कमी टाकत जा, हात घसरतो. तो उलटीही चालवायचा, मागे मागे, हँडलकडे पाठ करून. त्यासाठी चाक पक्कं लागतं, फ्री चालत नाही. सगळं गाव बघायला. शाळा सुटली की दप्तर पाठीवर तसंच, थेट चौकात. तसे दिवस परत नाही आले हो. आता सगळ्यांच्या हातात फोन आहे, गोल फिरणारा माणूस कोण बघणार?

चौथ्या दिवशी त्याच्या मागच्या हबचे आटे गेले. पाय टेकवायचा नाही, मग दोघांनी त्याला उचलून आप्पांच्या सायकलीवर ठेवला. पण तिला फ्री. उलटं चालवता येईना, पोरं हुर्यो करायला लागली. तो आप्पांना म्हणाला, आप्पा, काहीतरी करा, मन्ही इज्जत गई. आप्पांना घाई झाली. घाईत आपल्याकडे सगळे जे करतात तेच त्यांनी केलं, त्याच्या सायकलीला दुसरं चाक घालून त्या चाकाच्या फ्रीला वेल्डिंग मारून घेतलं. चाक मीच धरलं होतं. अर्ध्या तासात काम झालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवस चाललं. सहाव्या दिवशी भर दुपारी तो उलटा येत होता आणि टाका तुटला. आवाज फार नाही झाला, कट् एवढाच. पायडल मोकळं फिरलं आणि तो पाठीवर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. ट्रकमध्ये घालून शहाद्याला नेलं. जाताना तो आप्पांनाच म्हणत होता, तुमनं काय चुकनं नही. आप्पा पुढच्या आठवड्यात नंदुरबारहून गाडी धरून सुरतेला गेले आणि भंगारवाल्यांकडे हिंडून हा विलायती हब शोधून आणला, दोन पायऱ्यांचा, बत्तीस भोकांचा. आपल्याकडच्या मागच्या चाकाला चाळीस भोकं असतात, हा शर्यतीचा. तो परत येईल तेव्हा बसवून देऊ म्हणाले. तो आला नाही. आप्पा गेले, हब राहिला.

तर मला वाटलं, याच्यासाठीच राहिला असेल. मी काही हळवी बाई नाही, पण वाटलं. सुनीतालाही फार आवडला. घासल्यावर आरशासारखा चमकला, तिने त्यात तोंड बघितलं. मी चाक बांधलं, ती शहादा रस्त्याने जाऊन आली, म्हणाली, मावशी, भारी पळतंय. मी चाक हातात घेऊन फिरवलं तर बारीकसा टिक् टिक् आवाज. छर्रे बदलले, तरी टिक् टिक्. मग सगळे आरे उतरवले, हब रॉकेलमध्ये बुडवला, पुसून कोरडा केला आणि कानावर खडू चोळला. ही आप्पांची रीत. चीर असेल तर आतलं रॉकेल वर येतं आणि खडूवर काळी रेघ उमटते. दोन भोकांच्या मधोमध रेघ उमटली, केसाएवढी.

समोरचा वेल्डिंगवाला रमेश बघत होता. म्हणाला, आक्का, कसाले इतली काळजी करस, टाका मारी देसू ना मी. मी म्हटलं, तुन्हा टाका तुन्हा दारले मार. तो हसला. मला हसू आलं नाही.

सुनीता मात्र रडकुंडीला आली. म्हणाली, मावशी, आता नऊच दिवस राहिले, नवा कधी येणार, एकाच शर्यतीचा तर प्रश्न आहे, एवढीशी तर चीर आहे. खोटं नाही सांगत, माझ्याही मनात तेच आलं होतं. आप्पांचा हब पुण्याच्या ट्रॅकवर फिरावा असं मला तिच्यापेक्षा जास्त वाटत होतं. म्हणूनच मी स्वतःला नाही म्हटलं. तिच्या सरांना फोन लावला, म्हटलं, नवाच मागवा, दोन पायऱ्यांचा, बत्तीस भोकांचा, छोट्या कानाचा. तो दिसायला साधा, पण मला दिसणं नको होतं. पोरगी दोन दिवस दुकानाकडे फिरकली नाही. हब सातव्या दिवशी आला. ती नऊ तारीख. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची गाडी होती.

तुम्ही गेल्यावर मी आऊट काढला, रिंग आवळली आणि हब, चकती, रिंग, तिन्हींवरून नेलपॉलिशची एक आडवी रेघ मारली. काही सरकलं तर रेघ तुटणार.

सकाळी उजाडल्या उजाडल्या, गाई रानात जायच्या आधी, मी सीट खाली केली, ओढणी कमरेला बांधली आणि स्वतः बसले. बावन्न वर्षांची बाई. पहिल्याच वळणावर सवयीने पाय थांबवला तर पायडलाने मला उचलून फेकायचंच बाकी ठेवलं. शिव्या दिल्या, सावरले. मग सरळ रस्त्यावर वेग घेतला आणि अंगातला सगळा जोर लावून पाय मागे दाबला. चाक घासत गेलं, धूळ उडाली, सायकल थांबली. पुन्हा केलं. दहा वेळा केलं. दुधवाला थांबून बघत होता, म्हणाला, आक्का, काय व्हयनं वं? म्हटलं, काही नही, जा तू.

उतरून खाली वाकले. रेघ अखंड होती. सुनीता मागून कधी आली कळलं नाही. तिने रेघेवरून बोट फिरवलं आणि सीट पुन्हा आपल्या मापाला वर केली. मी म्हटलं, सुखाने जा, जोरात जा. हरलीस तर पायांनी हर, चाकामुळे नको.