म्होरची शीट

यल्लाप्पा : ऊठ. अजून एक हानायचीय. ऊठ म्हनतोय ना!

सिद्धू : दादा, हात बघ की माझा. बोटं हालंना झाल्यात.

यल्लाप्पा : बोटं? तिकडं आईचा पाय मिरजेला मांडीपास्नं काढला, आन् तू मला बोटं दावतोस?

सिद्धू : मार. पर ती लोखंडी टॉमी खाली ठेव. हातानं मार.

यल्लाप्पा : जीपची टॉमी हाय, जीपमधीच जाईल. पर तुझं गुडघं फोडून मग. बोल, विमानात त्या म्होरच्या शीटवर कोन बसलं?

सिद्धू : सांगितलं की. मी बसलो.

यल्लाप्पा : परत सांग.

सिद्धू : मीच बसलो.

यल्लाप्पा : दोन वर्सं! दोन वर्सं त्या क्रेडिट कारडावर पॉइंट साठवलं म्या. दिल्लीत सोनं-चांदी आटवनारा आपला कोन बी गलाईवाला गावाकडं निघाला, की त्याचं तिकीट माज्या कारडावर. कुनाच्या पोरीच्या लग्नातला फ्रिज, माज्या कारडावर. पैसा त्यांचा, पॉइंट माझं. लोक दात काढायचं, यल्ल्याला याड लागलंय म्हनायचं. कशापायी केलं रं म्या?

सिद्धू : आईला म्होरच्या मोठ्या शीटवर बसवायला.

यल्लाप्पा : त्या बँकेच्या बाईसंगं फोनवर इंग्रजी कोन झाडत हुतं?

सिद्धू : मीच. एकाच शीटचं पॉइंट पुरत्यात म्हनाली ती.

यल्लाप्पा : आन् आईचं आपरेशन केल्यावर दिल्लीचा डॉक्टर काय म्हनाला हुता? बोल की, कालेजात गेलायस ना तू? पाठ आसंल!

सिद्धू : गुडघ्यात सळई घातलीय. महिनाभर पाय वाकवायचा न्हाई.

यल्लाप्पा : मालूम हुतं तुला. तरी तू तिला मागं कोंबलंस. आपला गलाईवाला तानाजी त्याच विमानात हुता. परवा विट्याच्या एसटीडीवरनं फोन केला त्यानं. म्हनला, जाता जाता दिसली, म्हातारी पार मागं, गुडघा म्होरच्या शीटला टेकलेला, पदर तोंडात धरून बसलेली. विमानतळावर तुमा तिघांना मी सोडलं. म्होरच्या शीटचा पास माज्या ह्या हातानं आईच्या मुठीत दिला. चुलत्याला, नाथाआबाला मागचा, तुला मागचा. आन् तू आत जाऊन पास बदलला. सायबागत पाय पसरून बसलास. ज्यूस बी प्यालास आसशील?

सिद्धू : ...प्यालो.

यल्लाप्पा : मग हे बी घे!

सिद्धू : आई गं!

यल्लाप्पा : वरडू नगंस. ती आत पडलीय.

सिद्धू : बास दादा. बरगडीत कळ आली. श्वास घेता यीना.

यल्लाप्पा : तिला तरी कुठं आला? टाकं उसावलं, आत पू झाला, पाय काळा पडला. आठ दिवस गप पडून ऱ्हायली, कुनाला कळू दिलं न्हाई. का? तर धाकट्याला बोल लागंल म्हनून! तुज्यापायी!

सिद्धू : व्हय. माज्यापायी. संपव की एकदा.

यल्लाप्पा : थांब जरा. ज्यूस कसला हुता?

सिद्धू : आं?

यल्लाप्पा : म्होरच्या शीटवर ज्यूस प्यालास ना? कसला?

सिद्धू : संत्र्याचा... न्हाई, आंब्याचा. ध्यानात न्हाई आता.

यल्लाप्पा : आन् खायला काय दिलं?

सिद्धू : दिलं कायतरी.

यल्लाप्पा : कायतरी? तू? लग्नातल्या जिलब्या मोजून सांगनारा तू? साला, तू बसलाच न्हाईस म्होरं! मग कुनाला दिलीस? इकलीस व्हय रं? माज्या आईची शीट कुना शेटजीला इकलीस?

सिद्धू : शपथ, न्हाई इकली!

यल्लाप्पा : झूट बोलतोस! आता गुडघा न्हाई, टाळकंच फोडतो. सरळ धर मुंडी. सरळ धर!

सिद्धू : दादा, पाया पडतो! डोस्क्यात नगं!

(आतल्या खोलीत बाजेवरनं कुणीतरी धप्पकन खाली पडल्याचा आवाज.)

यल्लाप्पा : आई! ए आई! कशाला उठलीस तू?

धोंडुबाई : हात लावू नगंस मला. आदी ते लोखंड टाक.

यल्लाप्पा : पट्टीतनं रगत आलंय बघ तुज्या. चल, बाजेवर ठेवतो.

धोंडुबाई : टाक म्हनते ना! माज्या लेकराला जनावरावानी झोडपतोयास. त्यानं न्हाई केलं ते.

सिद्धू : आये, गप बस. बोलनार न्हाई म्हनून भंडारा उचलायला लावलास तू मला बिरोबाचा.

धोंडुबाई : तुला लावला. मी कुठं उचललाय? यल्लू, आईक. ती शीट मीच दिली.

यल्लाप्पा : कुनाला?

धोंडुबाई : तुज्या थोरल्या चुलत्याला.

यल्लाप्पा : नाथाआबाला? धडधाकट मानसाला? त्यो तर दिल्ली बघायला आलता!

धोंडुबाई : थोरलं दीर हायती माझं. ते मागं लोकांत कोंबून बसनार, आन् मी बाईमानूस त्यांच्या म्होरं, गादीवर पाय पसरून? मला लाजच वाटली रं. ती विमानातली पोरगी बी नगं नगं म्हनत हुती. मी सिद्ध्याला म्हनलं, आबांना म्होरं बसव.

यल्लाप्पा : आबानं मागितली?

धोंडुबाई : न्हाई.

यल्लाप्पा : पर घेतली.

धोंडुबाई : घेतली.

यल्लाप्पा : पाय बघून? सळई हाय ते ठावं आसून?

धोंडुबाई : समदं ठावं हुतं.

यल्लाप्पा : सिद्ध्या, दाव हात. दाव म्हनतोय... दोन बोटं मोडली रं. तू का न्हाई बोललास? एवढा मार का खाल्लास?

सिद्धू : कडेगावच्या बाजारात त्या मानसाचा जबडा फोडून दोन महिनं आत बसलावतास तू. आबाचं नाव घेतलं आसतं, तर ह्या खेपंला जन्मठेपच. आन्... थोडा मार माझा बी हुता.

यल्लाप्पा : तुझा कसला?

सिद्धू : मी तितंच हुतो की. आबांना म्हनायचं हुतं, उठा, तिचा पाय बघा. पर जीभच उचलली न्हाई. आबांच्या तोंडावर आजवर कोन बोललंय आपल्यात? दोन तास तिच्या शेजारी बसलो. ती घामानं भिजलेली, आन् मी खिडकीतनं ढग बघत हुतो. लाज वाटती दादा.

यल्लाप्पा : आज त्याला ठेवत न्हाई मी. हट.

धोंडुबाई : यल्लू!

यल्लाप्पा : सोड धोतर. मांडीवरनं तोडतो त्याची तंगडी, बराबर तुज्यासारखी. हिसाब मिटला.

धोंडुबाई : मग माझी उगवंल? तू तुरुंगात, ह्याचा हात मोडका, आन् मी हितं बाजंवर. कोन बघनार मला? माझं आईक. मी लई दिवस पडल्या पडल्या इचार केलाय.

यल्लाप्पा : काय इचार?

धोंडुबाई : सिद्ध्याच्या टायमाला मला कळा येत हुत्या. आबा अंगनात पान खात बसलेलं. त्यांच्या म्होरं बसायचं न्हाई म्हनून मी भिंतीला धरून उभीच. पार डोकं दिसायला लागलं, तवा सुईनीनं वडून आत न्हेली. तीस वर्सं घरात, शेतात, मेंढरामागं, त्यांची चाहूल लागली की मी उभी. तीच सवय विमानात न्हेली मी. चूक माझी हाय.

सिद्धू : तुझी कसली चूक आये.

धोंडुबाई : हाय. पर त्यांनी एकदा म्हनलं आसतं ना, धोंडे, बस, तुझा पाय दुकतोय, तर मी बसले आसते रं. एकदाच. पडद्याआड गेलं, ते पुण्यात उतरूस्तवर मागं वळून बगितलं न्हाई. मला बी राग येतो यल्लू. तुज्यापरीस जास्त येतो.

यल्लाप्पा : मग मला का आडवतीस?

धोंडुबाई : राग माझा हाय म्हनून. टाक ते लोखंड... हां. आता जीप काढ. ह्याचा हात विट्याला दाकवायचा. जाताना आबाच्या दारात थांबायचं.

यल्लाप्पा : शिव्या द्यायच्यात? चल, चार मानसं गोळा करतो.

धोंडुबाई : कोन नगं. पारावर आसतील तेवडी बास. मला उचलून उतरव, आन् संगं एक खुर्ची घे.

सिद्धू : खुर्ची कशाला? काय बोलनार हायस त्यांना?

धोंडुबाई : काय बी न्हाई. त्यांच्या म्होरं बसनार हाय.