तीन पेडांची वेणी

...नाही, पण तुम्हीच सांगा, पेड किती? तीन! चार नाही, पाच नाही, तीन! आणि ते तीन पेड एकमेकांवर टाकायला मला, नंदकिशोरला, एक्केचाळिसाव्या वर्षी, मुळाक्षरं गिरवल्यासारखं शिकायला लागलं! कारण काय? हात माझाच हो, पण ऐकेल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, पंचाण्णव साल. नेरूळला आम्ही नवीन. रस्ते हे एवढे रुंद आणि त्यावर माणूस औषधाला नाही. आमची अरुणा फोर्टात टेलिफोन ऑपरेटर, सातची शिफ्ट, म्हणजे पावणेसहालाच घराबाहेर. माझं ऑफिस वाशीत, दहाचं. म्हणजे गीतांजलीच्या वेण्या कोणाकडे? माझ्याकडे! तिसरीतली पोर, केस कमरेपर्यंत, आणि शाळेचा नियम काय, तर लांब केसांना दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनी! पण काय सांगू, मी पेपर वाचत वेण्या घालायचो. पेपर वाचत! ती पाढे म्हणायची, मी मधूनच "सात सक?" विचारायचो आणि बोटं आपली चालू... काय दिवस होते हो ते.

आणि गणपती झाले नि एका सकाळी कंगवा पडला हातातून. उचलायला गेलो, तर उचलेचना. अर्धांगाचा झटका, हलका होता म्हणे. हलका! वाशीचे डॉक्टर हसून सांगतात, "हाताला काही झालेलं नाही साहेब, हात ठणठणीत आहे. हुकूम सोडणारा मेंदूतला एक कोपरा गेलाय. आता शेजारच्या कोपऱ्याला ते काम शिकवायचं. रस्ता खणला की बस वळसा घालून येतेच ना? तेच तेच करा, हजारदा करा." म्हटलं डॉक्टर, आमच्या नेरूळला बसच तासाला एक आहे, वळसा घालून कधी पोचणार?

मग काय, राजमा! या वाटीतून त्या वाटीत, एकेक दाणा. दहा दाण्यांत घाम. हात माझाच हो, पण ऐकेल तर शपथ! आणि इकडे अरुणा पहाटे पाचला पोरीला उठवून वेण्या घालायची. पोर बसल्या बसल्या झोपलेली, मान या बाजूला, मान त्या बाजूला... मी पलंगावरून बघायचो. खोटं कशाला बोलू, नोकरीचं टेन्शन नव्हतं तेवढं त्या वेण्यांचं होतं. रडायचो मी, तोंडावर चादर घेऊन.

तेव्हा मी काय केलं? अरुणाच्या परकराच्या तीन नाड्या घेतल्या आणि बांधल्या खिडकीच्या ग्रिलला! आणि बसलो. डावी मधलीवर... मग उजवी... का परत डावी? अहो, जी गोष्ट तीन वर्षं रोज केली ती आठवेचना! बोटांना ठाऊक होतं, मला कुठे ठाऊक होतं! खालच्या मजल्यावरचे अरविंदराव गेटातून ओरडतायत, "काय हो, वाळत घातल्यात का?"

बरं, आमच्याकडे सारसोळ्याची शेवंताबाई मासळी घेऊन यायची. पाटी टेकवली, बघत राहिली आणि म्हणाली, "सायेब, तू बगतंस कशाला? आमचा दादला जाल विनतो तवा काय बोटांकरं बगतो? गजाली करतो! डोले मिट नि बोल काय तरी!" डोळे मिटले. बोलू काय? सातचा पाढा म्हटला! आणि सात सक बेचाळीसला, तुम्हाला सांगतो, हात एकदा आपणहून वळला! एकदाच. पण वळला! शेवंताबाईनं दोन बोंबील फुकट दिले.

जानेवारीत म्हटलं, गीता, बस. बसली बिचारी. पाऊण तास! डावी वेणी कानाच्या वर, उजवी पार मानेवर, मधून केस बाहेर. पोर आरशात बघून म्हणते, "बाबा, मस्त!" रोज मस्त. मी खूश! आणि पंधरा दिवसांनी अरविंदराव म्हणतात, "अहो, तुमची मुलगी हुशार हो! रोज आमच्या जिन्यात बसून वेण्या सोडते नि दोन मिनिटांत परत घालते." ऐकलंत? पोरीला येत होत्या! कधीच्या येत होत्या! माझा हात वळावा म्हणून रोज पाऊण तास केस ओढून घेत होती.

मी पोरीला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कंगवा घेऊन बसलो. आणि हात... ऐकेल तर शपथ! मग ती बाहेर पडली की मी बाल्कनीत. दोन मिनिटं जायची, मग ती गेटात दिसायची, वेण्या कशा शिस्तीत! रोज बघायचो. आणि मार्चमधे एक दिवस दार लावून बाल्कनीत येतो तोच पोर गेटात. इतक्या लवकर? बघतो तर डावी वर, उजवी किंचित खाली. माझ्याच वेण्या हो, माझ्याच! तशाच घेऊन निघाली शाळेत. तिथेच उभा राहून हमसून हमसून रडलो. चादर नाही, काही नाही.

मग एप्रिल गेला, मे गेला, माझा हात असा चालायला लागला म्हणता! पुन्हा पेपर वाचत वेण्या! शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पोर जवळ आली आणि हळूच विचारते, "बाबा, हात आता पूर्ण बरा झाला ना?" म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास! "नक्की ना?" नक्की! "मग मी आता बॉबकट करू?"

इतके महिने थांबली होती हो पोर, माझ्या हातासाठी. घेऊन गेलो सलूनमधे. खुर्चीवर फळी टाकून बसवली. मला जे शिकायला नऊ महिने लागले ते न्हाव्यानं चार मिनिटांत जमिनीवर पाडलं, फडकं झटकलं आणि मला विचारतो, "साहेब, तुमचेही बारीक करायचे का?"

म्हटलं, कर बाबा. आता कोणासाठी ठेवायचे?