सरपंचबाईंची झोप

"आता बरोबरी म्हणजे माणसानं आणखी काय करावं? सरपंच केलं हिले, तरी तोंड उतरलेलंच!"

जठारपेठेतल्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर खुशालराव कुरकुरत होते. शेजारी त्यांच्या पत्नी पार्वताबाई, आणि पलीकडे एक शिक्षिका. मी हातातलं मासिक उघडून बसले होते, पान मात्र उलटत नव्हतं.

"काय होतंय ताईंना?" शिक्षिकेनं विचारलं.

"झोप नाई येत, मॅडम. सहा महिने झाले."

"त्यांना बोलू द्या ना."

"बोलते ना थे! बोल वं, घरी तुले काही कमी हाय?"

"नाई."

"पाहा! आमच्या घरी बाई-माणूस असा भेदच नाई. पंधरा ऑगस्टले झेंडा हिच्याच हातानं. भाषण तेवढं मी करतो."

"आणि मिटिंगला?"

"खुर्ची हिचीच! मी आपला बाजूले बसतो. लोकं सवाल विचारतात, तं हिले तरास नोको म्हणून जवाब मी देतो. सही मात्र हिचीच. तिथं मी हात नाई लावत."

"मग ताई, काळजी कसली?"

"सांग ना वं, डॉक्टर बी हेच विचारन."

"तुमी सांगसानच त्याले."

"मी सांगीन, पण झोप तुही गेली ना!"

"मंग आयका. मी कायच्यावर सह्या करून राहिली, थे मले माहीत नाई. उद्या पोलीस आले, तं तुमाले नाई, मले नेतीन."