गादी सरकवायची राहिली

समारंभाचे अध्यक्ष माननीय पुंडलिकराव, फाइट मास्टर सुयोगसर, आजचे सत्कारमूर्ती महिपतदादा, सुगंधावहिनी, आणि राईहून, भाईंदरहून आलेले तुम्ही सर्व,

मी कॅमेरा असिस्टंट. लेन्सपासून नटापर्यंतचं अंतर टेपनं मोजणं हे माझं काम. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय.

आत्ताच सुयोगसरांनी मानपत्र वाचलं. त्यात एक वाक्य आहे : 'वयोमानाने अंदाज चुकून झालेल्या अपघातामुळे दादांनी निवृत्ती घेतली.' अध्यक्षमहाराज, मानपत्र दादांच्या हाती देण्यापूर्वी ते वाक्य खोडावं, अशी माझी विनंती आहे. अंदाज दादांचा चुकला नव्हता.

दादांनी अठ्ठावीस वर्षं पडद्यावर मार खाल्ला. सिनेमातली मारामारी खरी कशामुळे वाटते? आपण म्हणतो, हीरोमुळे. दादा एकदा चहा पिता पिता मला म्हणाले, "हीरोला एकच हात मारता येतो गो. तो कराटेचा हाय का बॉक्सिंगचा, ते आमी पडून सांगतो." कराटेचा फटका छातीवर सरळ येतो, माणूस सरळ मागे जातो. बॉक्सिंगमध्ये आधी मान वळते, मग गुडघे जातात. पुढे म्हणाले, "आन् मागं बघायचं न्हाय. मार खानारा मागं गादी हाय का बघल काय?"

मे २००४. भाईंदर पश्चिमेचं मिठाचं जुनं गोदाम. हीरो छातीवर लाथ मारतो आणि दादा मागे पडतात, असा शॉट. पहिल्या टेकला हीरोची टाच आणि दादांची छाती यांच्यात नऊ इंचांची फट मला मॉनिटरवर दिसली. "खोटं वाटतंय," असं मीच म्हणाले. सुयोगसर म्हणाले, "तो ठीक करो, जल्दी." मी दोघांच्या उभं राहायच्या खडूच्या खुणा दीड फूट डावीकडे सरकवल्या. कॅमेऱ्यातून फट झाकली गेली. दादांना पडायला गोणपाटाखाली लपवलेली गादी मात्र जिथं होती तिथंच राहिली.

मला गादी आठवली नाही, असं दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले. आठवली होती. कॅमेरा सुरू होण्याच्या आधीच आठवली होती. पण त्या दिवशी अंतर मोजायला मी तीनदा शूटिंग थांबवलं होतं आणि तिसऱ्यांदा मागून कोणीतरी म्हणालं होतं, "लो, मॅडम का फीता फिर निकला." सगळे हसले होते. चौथ्यांदा ते हसू मला नको होतं. दादा बघून घेतील, असं मी धरलं. दादा मागे बघत नाहीत, हे मला माहीत होतं.

दादांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्यांना गाडीत घालताना युनिटमधलं कोणी म्हणालं, "बुढ्ढा हो गया, टायमिंग गया." मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले. पुढे दादांना कोणी कामावर बोलावलं नाही. तो टेक सिनेमात राहिला. किती खरा वाटतो, असं कौतुक झालं, आणि त्या कौतुकावर मला पुढची दोन कामं मिळाली. मी तो एकेक फ्रेम थांबवून पाहिलाय. लाथ दादांना लागतच नाही. फरशी लागते.

काय म्हणालात, दादा? माईकवर आलं नाही, म्हणून सांगते. दादा म्हणतायत, "बस कर गो पोरी. आता कशाला काढतंस? मी इसरलो." दादा, आत्ता या व्यासपीठाच्या तीन पायऱ्या वहिनींनी तुम्हाला धरून चढवल्या. मला बोलू द्या.

सुयोगसर, पुढच्या महिन्यात तुमच्या चित्रपटावर माझं नाव आहे. ते ठेवायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. पण दादांचं टायमिंग गेलं, असं यापुढे कोणी म्हणू नये.

बोलायला दिलंत, आभारी आहे. माझ्यामुळे सत्काराचा रंग गेला असेल, शब्द कमी-जास्त झाले असतील, तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. त्या दिवसाची क्षमा मात्र सभागृहाकडे मागण्यासारखी नाही. तेवढ्यापुरता हा माईक बंद करावा.