परातीतला भात

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही घोटभर पाणी प्या. आता गाणं नाही, गोष्ट! पण गोष्टीआधी एक प्रश्न विचारतो. सुख आलं, तर ते लगेच खावं, की बरणीत भरून ठेवावं?

बघा, बायकांच्या बाजूने हसू आलं. पुरुष मात्र गप्प! कारण बरणीचं झाकण घट्ट लावणारे सगळे इकडच्याच बाजूला बसलेत. नाही नाही, कोपऱ्यातले काका, मी तुमचं नाव घेतलं नाही हो!

तर ऐका. शेवरे गावात नरहरअण्णा नावाचे गृहस्थ होते. कचेरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने चोख. वाईट माणूस मुळीच नव्हे, बरं का! पण एक खोड होती. आनंद म्हटला की त्यांना तो पुढे ढकलायची सवय. नवं धोतर आणलं, की सणाला नेसू. सुनेने खरवस केला, की पाहुणे आल्यावर काढू. पाहुणे आले कधी? खरवस आंबल्यावर!

आणि त्या वर्षी तर अण्णांची पंचाहत्तरी होती. ज्येष्ठात शांत करायची, होमहवन, गावजेवण, सगळं थाटात! मग काय विचारता! घरात जे काही चांगलं येईल, ते पंचाहत्तरीसाठी. तूप पंचाहत्तरीला, काजू पंचाहत्तरीला. बायको सुभद्राकाकू एकदा म्हणाल्या, की मी थोडी हसून घेते, का तेही पंचाहत्तरीलाच? अण्णांना विनोद कळला नाही. ते म्हणाले, तेव्हा हसायला वेळ कुठे मिळणार.

आता त्या घरची एक रीत सांगतो. वैशाखात लोणचं घालायचं. कैऱ्या कुणाच्या? भिवा गुरवाच्या! हा भिवा अण्णांचा शाळेपासूनचा सोबती. देवळामागे त्याचं घर, दारात रायवळ आंबा. लोणच्याच्या दिवशी कैऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन भिवा यायचा, मागच्या पडवीत मोठा अडकित्ता घेऊन बसायचा आणि दुपारपर्यंत फोडी करून द्यायचा. काकू परातीत मसाला कालवायच्या. फोडी बरणीत गेल्या, वर फडक्याचा दादरा बांधला, की मग खरी मजा! परातीला चिकटलेला तो लालभडक मसाला – त्यात काकू गरमगरम मऊ भात ओतायच्या, वर तेलाची धार, आणि हाताने कालवायच्या. ताट नाही, वाटी नाही. अण्णा सोडले तर सगळे परातीभोवती बसायचे आणि काकू एकेक घास हातावर द्यायच्या.

बघा, पुढच्या रांगेत गिळलं कुणीतरी! गिळा, गिळा. देवाच्या दारात लाजायचं नाही.

भिवाला या मेहनतीचं काय मिळायचं? हातावरचा तो भात. एवढंच. पण त्या भातासाठी तो चैत्रापासून कैऱ्यांकडे बघत बसायचा!

त्या वर्षी मात्र अण्णांच्या डोक्यात विचार आला. परातीला केवढा मसाला राहतो! दरवर्षी आपण तो भातात घालवतो. पंचाहत्तरीला गाव जेवणार, तेव्हा लोणचं कमी पडलं म्हणजे? काकू चुलीवरचा भात बघायला आत गेल्या, भिवा विहिरीवर हात धुवायला गेला. इकडे अण्णांनी वाटीभर पाणी घेतलं, परात फिरवून फिरवून धुतली आणि ते पाणी ओतलं थेट बरणीत!

अहो, एकदम हाय करू नका सगळ्या बायांनी! मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. अण्णांना माहीत नव्हतं. कचेरीत लोणचं घालायला शिकवत नाहीत! त्यांची समजूत अशी, की पाणी उकळून गार केलेलं आहे, मग त्याने काय होतंय.

भिवा परतला. नेहमीच्या जागी मांडी घातली, हात पुढे केला. समोर परात, लखलखीत! अण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले, "भिवा, यंदा परात धुतली. तू पंचाहत्तरीला ये. पानावर हवं तेवढं लोणचं वाढू तुला."

भिवाने आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं. हात धोतराला पुसला. "बरं," म्हणाला आणि पाटी घेऊन निघून गेला. काकू भाताचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या दिवशी तो भात कुणीच धड जेवलं नाही.

त्यानंतर भिवा संध्याकाळी अण्णांच्या पायरीवर बसायला आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. साठ-पासष्ट वर्षांचा शिरस्ता मोडला. अण्णा पायरीवर एकटे बसायचे, देवळाकडे बघायचे आणि स्वतःला सांगायचे, की कामात असेल. देवळात कसलं आलंय एवढं काम! अण्णांना आतून कळत होतं. करमत नव्हतं त्यांना. मोठ्या माणसाला करमत नाही हे कबूल करायला फार जड जातं, मंडळी.

शांत आठवड्यावर आली. काकूंनी बरणी उघडली. वर पांढरा बुरा, बोटभर जाड! वास म्हणजे, सांगत नाही, जेवायचं आहे तुम्हाला. सून म्हणाली, बाजारातून डबे आणू, त्यात काय. काकूंनी अण्णांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "लोणचं मिळेल हो बाजारात. भिवा मिळणार आहे का?"

अण्णा उठले. चप्पलसुद्धा धड घातली नाही. देवळामागे गेले. भिवा समया पुसत बसला होता, त्याने मान वर केली नाही. अण्णांनी आधी हवापाण्याचं काढलं. मग आंब्याकडे बघितलं, शेंड्याला अजून कैऱ्या होत्या. मग म्हणाले, की बरणीला बुरा आला.

भिवा म्हणाला, "कैऱ्या न्यायला आलास, की मला न्यायला?"

अण्णा म्हणजे अव्वल कारकून माणूस, आयुष्यात कधी चूक कबूल न केलेला! पण म्हणाले, "कैऱ्या नकोत. तू चल. चुकलो मी, भिवा. तुझ्याशिवाय पायरीवर बसवत नाही."

भिवाने समई खाली ठेवली. "कैऱ्यांशिवाय कसला भात, नरू? ती काठी धर."

आणि मंडळी, पंचाहत्तरीचे दोन म्हातारे आंब्याखाली उभे! एक झोडपतोय, दुसरा धोतराचा सोगा पसरून झेलतोय. एक कैरी बसली अण्णांच्या टकलावर. भिवा इतका हसला, की देवळातली माणसं बाहेर आली.

दुपारी परत परात मांडली. भात ओतला, तेलाची धार पडली. अण्णा आजवर ताट-चमचा घेऊन लांब बसायचे. त्या दिवशी भिवाच्या मांडीला मांडी लावून बसले आणि हात पुढे केला. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. "तिखट आहे," म्हणाले. भिवा काकूंना म्हणाला, की याला अजून एक घास द्या. त्या दुपारी भाताची तीन पातेली झाली, आणि मसाला इतका खपला, की बरणी अर्धीच भरली!

शांतीच्या दिवशी गावाच्या पानावर लोणचं पडलं नखाएवढं. गुरुजींनी विचारलं, की अण्णा, आजचा दिवस आयुष्यातला मोठा, कसं वाटतंय? अण्णा पंगतीत वाढणाऱ्या भिवाकडे बघून म्हणाले, "गुरुजी, मोठा दिवस मागच्या आठवड्यात झाला. तेव्हा तुम्ही नव्हता."

तर मंडळी, आज आपला काला आहे. वैकुंठात देवाला काय कमी होतं? तरी तो गोकुळात आला आणि सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून खात बसला. तो म्हणाला का, की आधी कंसाला मारतो, मग जेवू? कंस उभाच होता, आणि काला चालूच होता!

आणि आपण? मुलाचं लग्न होऊ दे, घर बांधून होऊ दे, मग निवांत बसू. कोपऱ्यातले काका, आता घेतो तुमचं नाव! तुमच्या पायरीवर येणारा तुमचा भिवा कोण? शेवटचा कधी आला होता? आठवतंय? नसेल आठवत, तर आज प्रसाद घ्या आणि घरी जाण्याआधी त्याच्या दारात जा. द्रोण एकच असू दे. अर्धा त्याच्या हातावर ठेवा.

चला, मृदंगबुवा, उचला हात. काला कालवून तयार आहे, आणि परात अजून कुणी धुतलेली नाही.