आमचा वायसर साता समुद्रापार

ज्यानं कुणी हे ठरवलं ना, त्यानं जन्मात घागर डोक्यावर घेतलेली नाही! नाहीतर नळदुर्गजवळच्या आमच्या गावातल्या हातपंपाचा वायसर परदेशातून मागवायचा, हे सुचतं कुणाला? वायसर म्हणजे तरी काय हो… पंपाच्या आतल्या दांड्याच्या टोकाला बसवलेली कातड्याची वाटी, तळहातावर मावेल एवढी! ती झिजली की पाणी बंद. आणि साल बहात्तर, विहिरी कोरड्याठाक, अख्ख्या गावाला हा एकच पंप, नाहीतर बायकांनी तुडवायचं दीड कोस!

सहकार्याला माझा विरोध नाही हं, आधीच सांगतो. मी बी.ए. झालोय, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, 'सारं जग एक कुटुंब' यावर तासभर बोललोय… याच पंपाच्या उद्घाटनाला, ज्या परदेशी संस्थेनं तो दिला तिच्या गोऱ्या साहेबासमोर! साहेब इतका खूश, म्हणाला, "काही लागलं तर लिहा."

लागलं की! खंडेनवमीला बायकांनी पंपाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि दसऱ्याला पंप नुसता खॉक्… खॉक्… दांडा वर काढला तर वायसर फाटलेला. आमचे ईरण्णा, विहिरीवरच्या कातडी मोटा शिवणारे, चष्मा वर सरकवत म्हणाले, "मोटंचं कातडं हाय माझ्याकडं. दिवस मावळायच्या आत कापून देतो की." आणि मी काय म्हणावं? "ईरण्णा, हा आंतरराष्ट्रीय पंप आहे, चपलेचा अंगठा नव्हे!"

लिहिलं पत्र. महिन्यानं उत्तर, "नमुना पाठवा." पाठवला! होता तो एकुलता एक वायसर, कापडात शिवून, रजिस्टर पोस्टानं!

मग काय… दिवाळी गेली, संक्रांत गेली. शिवम्मा रोज रिकामी घागर माझ्या दारात आपटायची, "सेक्रेटरी, तुमचं जग कुठवर आलं?" तुम्हाला सांगतो, सहकार्याला माझा विरोध नाही, पण मी मागच्या गल्लीनं जायला लागलो! शेवटी गेलो ईरण्णांकडं. म्हटलं, कापा. तर म्हणतात, "माप?" माप! माप गेलं होतं बोटीत बसून! अंदाजानं कापला, तर पहिला इतका घट्ट की चौघं दांड्याला लोंबकळलो, दुसरा इतका ढिला की पाणी खालीच बसून आमची गंमत बघतंय. "वायसर हितं ठिवून कागदावर त्याचं चित्र धाडायचं न्हाय व्हय?" ईरण्णा म्हणाले. बी.ए. मी झालोय, बरं का!

पाडव्याला पार्सल आलं. चार वायसर आणि पत्र. मी पंपापाशी सगळ्यांना वाचून दाखवलं, "उशीर झाला, क्षमा असावी. सुएझ कालवा बंद असल्यानं कातड्याच्या बोटीला आफ्रिकेला वळसा घालावा लागला."

"बोट निघाली कुठनं?" ईरण्णांनी विचारलं.

वाचलं पुढं… "उत्तम म्हशीचं कातडं आम्ही हिंदुस्थानातून, मद्रासहून मागवतो."

गेल्या उन्हाळ्यात कडबा संपला, जनावरं पटापट मेली, त्यांची कातडी याच सडकेवरून ट्रकनं मद्रासला गेली… ट्रकमध्ये चढवली ईरण्णांनी! तिथंच उभ्या असलेल्या मथुराबाईंची म्हैससुद्धा त्यातच.

सहकार्याला माझा… जाऊ द्या.

मथुराबाईंनी वायसर हातात घेतला, हुंगला, त्यावरून अंगठा फिरवला.

"माझी चंद्री असंल तर इतका उशीर न्हाय व्हायचा, बाबा. जित्ती होती तवा दावं सोडलं की सरळ घरी यायची."