शनिवारचा पट्टा

माझा जन्म जयसिंगपूरचा. वडील तेलाच्या गिरणीत फिटर होते, पाने कमरेला अडकवायचे, त्यामुळं पट्टा ही आमच्याकडं शोभेची वस्तू कधी नव्हतीच. वडिलांनी एकच पट्टा सतरा वर्षं वापरला, म्हणजे मी पहिलीत होतो तेव्हापासून ते मला नोकरी लागेपर्यंत. आणि मला पहिला घेतला तो वाढत्या मापाचा, दहा वर्षांच्या पोराला अठ्ठावीस इंची, खिळा तापवून त्याला जास्तीची चार भोकं पाडली, टोक पार पाठीपर्यंत जायचं, वर्गातली पोरं मागून ओढायची. तर माप चुकलेला पट्टा काय असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे, असं समजा. तरीसुद्धा मी चुकलो, तेच सांगायचंय तुम्हाला.

दोन हजार दोन साली आम्ही ऑकलंडला आलो, मी, बायको शैला आणि मुलगी, ती तेव्हा चार वर्षांची. शैला नर्स आहे, खरं म्हणजे तिच्या नोकरीवर आम्ही इथं आलो, मी सामानाबरोबर आलो म्हणा. न्यू लिनला घर भाड्यानं घेतलं आणि मी पेनरोजला पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात मेन्टेनन्सला लागलो. तिथं हेमी माझा सुपरवायझर. माओरी माणूस, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, मूळचा टे कुइटीच्या बाजूचा, हात माझ्या दीडपट, बोलणं निम्मं. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यात डोकावून म्हणाला, हे कसलं मांस, मी म्हटलं बकरीचं, दुकानातलं, बर्फातलं, तर म्हणाला दुकानातलं कशाला, माझ्या चुलतभावाच्या शेतामागं बुशमध्ये, म्हणजे रानात, रानटी बकऱ्या हीप्स, ढिगानं आहेत, लावलेली झाडं खाऊन टाकतात, तो लोकांना या म्हणून सांगत असतो.

असं ते सुरू झालं. बंदूक हेमीची, लायसन हेमीचं, मी बंदुकीला हात लावत नाही. माझं काम सोलायचं, तुकडे करायचे आणि सॅकमध्ये भरून गाडीपर्यंत वाहायचं. शैलाची अट एकच, शनिवार-सोमवार जीव घ्यायचा नाही, रविवारी चालेल. रविवारी मटण हा आमचा घरचा नेमच आहे, त्यामुळं शनिवारी दुपारी निघायचं, चुलतभावाकडं झोपायचं आणि रविवारी पहाटे बुशमध्ये शिरायचं, असं ठरून गेलं. तिसऱ्या खेपेला हेमीनं मला एक चाकू दिला, लाकडी मुठीचा, पातं झिजून निम्मं झालेलं. त्याच्या वडिलांचा. दिला म्हणजे कायमचा नव्हे, म्हणाला तुझ्याकडं असू दे, तुझा हात बसलाय त्यावर, परत देशील तेव्हा धार लावून दे. काय सांगू तुम्हाला, माझ्या वडिलांनी मला त्यांचा पाना कधी हातात घेऊ दिला नव्हता.

आता दोन हजार पाचचा जुलै, म्हणजे इथला हिवाळा. शुक्रवारी कामावर माझा जुना पट्टा बकलापाशी फाटला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं. शनिवारी सकाळी मी, शैला आणि मुलगी मॉलमध्ये गेलो. एक चामड्याचा पट्टा मी हातात घेतला, चांगला जाड होता, तर शैला म्हणाली, अहो, आज शनिवार. आमच्याकडं शनिवारी तेल, लोखंड आणि चामडं विकत घेत नाहीत, शनी मागं लागतो म्हणतात. मी म्हटलं अगं, बारा हजार किलोमीटरवर कुठला शनी येतोय. ती म्हणाली, तुमच्या आईचा फोन येतो ना तेवढ्या लांबून, मग शनीलाच काय होतंय. मुलगी म्हणाली, डॅड, इट्स जस्ट अ बेल्ट. मी चामड्याचा ठेवला आणि शेजारचा रेग्झिनचा उचलला. माझी चूक म्हणजे, मी रुंदी बघितली, लांबी बघितली, भोकं मोजली, पण आत काय आहे ते बघितलं नाही. आत पुठ्ठा होता. मी, पुठ्ठ्याच्या कारखान्यातला माणूस.

रविवारी एक बकरी मिळाली, मागचे दोन पाय आणि पाठ मिळून अकरा किलो माझ्या सॅकमध्ये. परतताना एक ओढा लागतो, पाणी मांडीपर्यंत. ओढ्याच्या मध्यावर मी वाकून दगड चाचपत होतो तेवढ्यात पुढून टचकन आवाज झाला, भिजलेल्या पट्ट्याचं बक्कल सुटून हातात आलं आणि पँट निघाली खाली. एका हातात काठी, एका हातात पँट, पाठीवर अकरा किलो, हेमी पलीकडच्या काठावर पोचून वळून बघतोय. म्हणाला, तुझ्या देशात नदी अशीच ओलांडतात का. मी कसाबसा पोचलो, दोरीनं पँट बांधली, हसलो पण. तिथून फाटक चौदाशे पावलं, मी नेहमी मोजतो. फाटकापाशी सॅक उतरवली आणि डावीकडं कमरेला हात गेला. चाकू नव्हता. म्यानासकट पट्ट्यावरून सरकून गेला होता, आणि पाण्यात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

अंधार पडायला आला होता, पाऊस सुरू झाला होता. मी हेमीला लगेच सांगितलं, लपवायचा माझा स्वभाव नाही, आणि खरं सांगायचं तर लपवणार तरी कुठं, रिकामी कंबर दिसतेच की. त्यानं सॅक उचलून गाडीत टाकली. गाडी सुरू केली. पाऊण तास नुसते वायपर चालू. मला वाटलं संपलं, उद्यापासून हा माणूस आपल्याशी फक्त मशीनबद्दल बोलणार. मग म्हणाला, कसला पट्टा होता तो. मी सगळं सांगितलं, शनिवार, चामडं, शनी, शैला. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, आमच्या आईनं कधी कुणाला जेवणाच्या टेबलावर बूड टेकू दिलं नाही, आणि जेवणाची फडकी कपड्यांबरोबर धुऊ दिली नाहीत, ज्याच्या त्याच्या घरी असतंच. मग थोड्या वेळानं म्हणाला, पण मग शुक्रवारी घ्यायचा.

मी शुक्रवारची रजा टाकली. पट्ट्यासाठी रजा, कारखान्यात आठवडाभर विषय झाला. हॅमिल्टनच्या पुढं एका गावात खोगीर-लगाम शिवणारी एक बाई होती, साठीची, तिच्याकडं गेलो. तिनं विचारलं कंबर किती, मी म्हटलं चौतीस, ती म्हणाली तो आकडा पँट विकणाऱ्यांचा, तुझा नव्हे. बुशमध्ये जे घालतोस ते घालून ये, मी गाडीतून लोकरीचं बनियन आणि जाड शर्ट आणला. उभं राहून मोजलं, साडेछत्तीस. बसून, अडतीस. लोकरीवरून बसून, एकोणचाळीस. मी वहीत लिहून घेतलं. मग मधलं भोक साडेसदतीसवर, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन, म्हणजे एकूण सात. भोकं पंचवीस मिलिमीटरवर पाडायची रीत आहे, मी म्हटलं वीसवर पाडा, पोट एकदम इंचभर वाढत नाही. ती म्हणाली तुझ्यासारखी गिऱ्हाइकं रोज आली तर मला चष्मा बदलावा लागेल. चामडं एकाच तुकड्याचं, चार मिलिमीटर जाड, दोन पातळ थर चिकटवलेलं नको, ते ओलं झालं की सुटतं. रुंदी अडतीस मिलिमीटर, कारण कामाच्या पँटच्या लुपा चाळीसच्या. बक्कल पितळी, लहान, सपाट, सॅकचा कमरपट्टा त्यावर बसतो, मोठं बक्कल असलं की पोटात रुततं. आणि ते दोन स्क्रूंनी बसवलेलं, म्हणजे झिजलं तर बदलता येतं. कडा घासून गोल केल्या, नाहीतर बसल्यावर कापतात. नवीन पट्टा लाकडासारखा कडक होता, पंधरा दिवस रोज तासभर घरात घालून मऊ केला, शैला म्हणायची, वर घाला की एखादा दागिना. किंमत तिला अजून सांगितलेली नाही, म्हणून तुम्हालाही सांगत नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही चाकू शोधायला गेलो. मी चौदाशे पावलं उलटी मोजत ओढ्यापाशी आलो, दोघं पाण्यात उतरलो, तासभर दगड उलटे केले. म्यान सापडलं, नेच्यांच्या मुळ्यांत अडकलेलं, रिकामं. चाकू नाही. मी तसाच एक नवीन घेऊन ठेवला होता, त्याला द्यायला, खूप शोधून घेतला होता. हेमीनं तो घेतला, अंगठ्यावर धार बघितली, त्या म्यानात घातला आणि माझ्याच हातात परत दिला. म्हणाला, तुझा पट्टा चांगला आहे, तुझ्याकडं राहू दे. माझ्या बापानं तो जुना चाकू दोनदा हरवला होता, दोन्ही वेळा ओढ्यानं परत दिला.

तेव्हापासून दरवर्षी आम्ही त्या ओढ्यात वीस मिनिटं शोधतो. घड्याळ लावून, मीच लावतो. हेमी आता रिटायर झाला, गुडघे गेले त्याचे, गेल्या वर्षी काठावर बसला आणि तिथूनच सांगत होता, डावीकडं, अजून डावीकडं, तो नव्हे, तो दगड आपण मागच्या वर्षी बघितला. वीस मिनिटं झाली की चहा पितो आणि वर निघतो. मला अजूनही तो चाकू सापडावा असं वाटतं, उसनी वस्तू परत केल्याशिवाय माझ्या जिवाला बरं वाटत नाही. हेमीला तसं वाटतं का, माहीत नाही. परवा मी त्याला म्हटलं, या वर्षी सापडलाच तर, तर म्हणाला, मग पुढच्या वर्षी कशाला येशील तू.

पट्टा रोज कमरेला असतो, कामावर, दुकानात, बुशमध्ये. देवापुढं जाताना काढून ठेवतो, बाकी नाही. रंग काळपट झालाय, चौथ्या भोकापाशी वळी पडलीय, दिवाळीत पाचव्यावर जातो आणि मार्गशीर्षात परत चौथ्यावर येतो. ती बाई म्हणाली होती, हा तुझ्यानंतरही टिकेल. टिकू दे. आम्हा दोघांचे गुडघे तेवढे अजून काही वर्षं टिकले म्हणजे झालं.